ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या बाईला धाप लागते तेव्हा

लहानपणापासून फिट येतात, अंगावर जन्मापासूनचे फिके चट्टे आहेत, नखाच्या कडेला मांसाची गाठ आहे, नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर पुटकुळ्या आहेत (ज्यांना मुरूम समजून वर्षानुवर्षं क्रीम चोळली जाते). हे सगळं एकाच बाईत दिसलं, तर ट्यूबरस स्क्लेरोसिसचा विचार करा. या जनुकीय आजारात मोठ्या बायकांच्या फुप्फुसांत पातळ भिंतींच्या हवेच्या पोकळ्या होतात. त्याला लॅम म्हणतात. पुरुषांत क्वचितच.

वावरात कापूस वेचताना दम लागला की खेड्यात आधी दमा, नाहीतर टीबी. थुंकी तपासाच. पण त्यात काही निघालं नाही, पंपानंही फरक नाही, तर तिथं थांबू नका. सुरुवातीला साधा एक्स-रे चांगला दिसू शकतो. एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन) लागतो, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता. ट्यूबरस स्क्लेरोसिसचं निदान झालेलं असेल, तर त्रास नसला तरी 18 वर्षांनंतर एकदा करावा. काही निघालं नाही तर पाळी जाईपर्यंत दर 5 ते 7 वर्षांनी पुन्हा. सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला जाताना फिटची जुनी फाइल न्याच. छातीच्या डॉक्टरला फिटचं सांगायचं कुणाला सुचत नाही, आणि निदान नेमकं तिथंच अडतं.

एका बाजूला अचानक छातीत कळ आणि धाप आली, तर पोकळी फुटून हवा छातीत शिरलेली असू शकते. नेब्युलायझर लावून वाट बघू नका. 108 बोलवा, एक्स-रे आणि छातीत नळी घालण्याची सोय असेल तिथंच न्या. एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता बरीच, म्हणून फुप्फुसाचं आवरण चिकटवण्याबद्दल पहिल्याच वेळी विचारा.

स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी) घसरत चालली की सिरोलिमस ही लॅमवरची गोळी सुरू करतात. रोज ठरलेल्या वेळी घ्यायचं. रक्तातली पातळी तपासायची ती पुढची गोळी घेण्याआधी. फिटच्या फिनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या आणि टीबीचं रिफाम्पिसिन ही पातळी पाडतात, म्हणून प्रत्येक दवाखान्यात सगळ्या गोळ्या दाखवा. तोंड येणं नेहमीचं. प्रतिकारशक्ती दबते, ताप अंगावर काढू नका.

आशाताईंकडून मिळणाऱ्या माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं, त्यानं लॅम वाढू शकतो; तांबीचं विचारा. दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडातही गाठी होतात: कुशीत अचानक कळ आली किंवा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.