फोल्डरवर नजर ठेवणारी स्क्रिप्ट: फाईल आली म्हणजे पूर्ण आली असं नसतंय

उदगीर असो का परळी, जुलै लागला की सेवा केंद्रावर पीक विम्याची गर्दी ठरलेली. एक पोरगं स्कॅनरवर, दुसरं फॉर्म भरायलंय, आणि मधूनमधून "आली का रे फाईल?" सातबारा, पासबुक, आधार सगळं एकाच स्कॅन फोल्डरमधी पडायलंय. ते फोल्डर बघत बसायचं काम माणसाला कशाला, स्क्रिप्टला लावून द्या की.

बरेच जण लूप लिहून दर पाच सेकंदाला फोल्डरची यादी काढतात अन् जुन्या यादीशी ताडून बघतात. चालतंय, पण लिनक्सच्या कर्नलमधी (सिस्टीमच्या गाभ्यात) 2005 पासून, म्हणजे 2.6.13 व्हर्जनपासून, आयनोटिफाय आहे, फोल्डरमधी काही हललं की कर्नल स्वतःच सांगतंय, मग उगं विचारत कशाला बसायचं. उबंटूवर आयनोटिफाय-टूल्स हे पॅकेज टाका, त्यात आयनोटिफायवेट कमांड मिळते (इथं उच्चारानं लिहिलंय, टर्मिनलमधी इंग्रजीतच टाईप करा). डॅश एम (सतत नजर ठेवायचा पर्याय) दिलं नाही तर पहिली फाईल आली की कमांड बंद पडते, म्हणून ते पाहिजेच. फॉरमॅटमधी पर्सेंट डब्ल्यू पर्सेंट एफ दिलं की फाईलचा पूर्ण पत्ता मिळतो, तो पाईप करून व्हाईल रीडच्या (एकेक ओळ वाचणाऱ्या) लूपला द्यायचा. लूपमधी व्हेरिएबल डबल कोटमधीच ठेवा, कारण "सातबारा गट 112" असं जागा सोडून नाव देणारी माणसं सगळीकडं हायतच.

आता खरी गोम. डॅश ई नंतर कोणता इव्हेंट (फाईलचं काय झालं की कळवायचं ते) द्यायचा? नवीन माणूस क्रिएट देतो. पण पाव्हणा दारात आला म्हणजे त्याचं जेवण झालं असं असतंय का? चाळीस पानी पीडीएफचं पहिलं बाईट पडायच्या आधीच क्रिएट वाजतो, स्क्रिप्ट अर्धीच फाईल उचलते, अन् पुढं ती उघडतच नाही. म्हणून क्लोज अंडरस्कोर राईट वापरा, लिहिणाऱ्या प्रोग्रामनं फाईल बंद केली की तो येतो. सोबत मूव्हड अंडरस्कोर टू पण द्या, कारण क्रोमसारखे प्रोग्राम आधी तात्पुरत्या नावानं फाईल उतरवतात अन् शेवटी नाव बदलतात.

तयार झालेली फाईल त्याच फोल्डरमधी परत टाकू नका, तिचाही इव्हेंट येतो अन् स्क्रिप्ट स्वतःच्याच मागं पळत सुटते. वेगळं फोल्डर करा.

लाईटचं तर आपल्याकडं सांगायलाच नको. मशीन चालू झाली की स्क्रिप्ट आपोआप उठली पाहिजे, त्यासाठी सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस करून रिस्टार्ट ऑलवेज ठेवा अन् सर्व्हिस एनेबल करा. पण स्क्रिप्ट बंद असताना आलेल्या फाईलींचा इव्हेंट नंतर कधीच येत नाही, त्यामुळं सुरुवातीला फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींवर एक फेरी मारा. आधी नजर चालू करायची, मग फेरी. उलटं केलं तर मधल्या क्षणात आलेली फाईल निसटते. एखादी फाईल दोनदा सापडेल, सापडू द्या, झालेलं काम परत करायचं नाही एवढं तपासा.

डॅश आर दिलं की आतले फोल्डरपण बघतो, फक्त प्रत्येक फोल्डरमागं एक वॉच (नजर) लागतो. जुन्या कर्नलवर मर्यादा 8192 ची असायची, आणि ती संपली की काही प्रोग्राम "डिस्कवर जागा नाही" असा एरर देतात, माणूस बिचारा डिस्क साफ करत बसतो. खरं तर कर्नलचं मॅक्स युजर वॉचेस हे सेटिंग वाढवायचं असतंय.

फोल्डर दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कनं जोडलेलं असेल तर तिकडं झालेला बदल आयनोटिफायला दिसत नाही. शक्य असेल तर स्क्रिप्ट त्या मशीनवरच चालवा, नाहीतर पायथॉनच्या वॉचडॉग लायब्ररीतला पोलिंग ऑब्झर्व्हर (थोड्या थोड्या वेळानं यादी ताडून बघणारा) वापरा.

विंडोजवरपण वॉचडॉग चालतंय, पण फाईल बंद झाल्याचा इव्हेंट तिथं नाही. साईज बघायची, दोन-तीन सेकंद थांबून परत बघायची, तेवढीच राहिली अन् फाईल उघडता आली तरच उचलायची.

टेस्ट करताना टच कमांड मारून रिकामी फाईल बनवू नका, त्यात क्रिएटवाली चुकीची स्क्रिप्टसुद्धा पास होते. स्कॅनरवरून एक जाडजूड पीडीएफ टाका अन् बघा.