लीजची देणी आणि कोर्टातले दावे: ताळेबंद बंद करताना या चुका टाळा

वर्षअखेरीचे हिशेब बंद करताना त्यांना जोडलेल्या दोन टिपा (खुलासे) बहुतेक ठिकाणी अगदी शेवटी भरल्या जातात: एक लीजची, म्हणजे जागा किंवा वस्तू ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेण्याच्या करारांची, दुसरी कायदेशीर दाव्यांची. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, नवे आकडे टाकायचे आणि सहीला पाठवायची. वास्तविक पुढच्या कित्येक वर्षांचे ओझे याच दोन टिपांत लिहिलेले असते, आणि कर्ज देणारी बँक किंवा कंपनी विकत घेऊ पाहणारा माणूस तीच पाने आधी उघडतो. इथल्या बहुतेक चुका गणिताच्या नसतात. मूळ करार आणि वकिलाचे पत्र बाजूला ठेवून केवळ लेजरवरून (खातेवहीवरून) टीप लिहिली की त्या होतात.

करारावर ‘लीज’ लिहिलेले नाही, म्हणून सोडून देणे

आयएफआरएस १६ हे लीजच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. तेव्हापासून वस्तू भाड्याने घेणाऱ्या कंपनीसाठी ऑपरेटिंग लीज (फक्त भाडेखर्च दाखवायचा) आणि फायनान्स लीज (मालमत्ता आणि देणे दाखवायचे) हा जुना फरक उरलेला नाही. बारा महिन्यांपर्यंतच्या आणि कमी किमतीच्या वस्तूंच्या लीज सोडल्या, तर बाकी सगळ्या ताळेबंदावर आणाव्या लागतात: एका बाजूला वापरहक्काची मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणे. भाड्याचे खाते तपासून इमारती सापडतात. पण डेटा सेंटरमधले आपल्यासाठीच राखलेले रॅक किंवा वाहतूक कंत्राटातले ठरावीक ट्रक ‘सेवा खर्च’ या खात्यात दडलेले असतात. म्हणून खरेदी विभागाकडून सगळे दीर्घ मुदतीचे सेवाकरार मागवा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. वस्तू ठरावीक आहे का? तिचा जवळजवळ सगळा लाभ आपल्यालाच मिळतो का? ती कशी आणि कशासाठी वापरायची, हे आपण ठरवतो का? ‘पुरवठादार वस्तू बदलू शकेल’ असे कलम दिसले तरी लगेच थांबू नका. ती बदलणे त्याला खरोखर शक्य आहे आणि परवडतेही, तेव्हाच त्या कलमाला अर्थ आहे.

मुदत: सगळ्यात महाग पडणारी चूक

समजा, करारात लिहिले आहे, ‘मुदत पाच वर्षे, त्यानंतर भाडेकरूच्या इच्छेनुसार आणखी तीन वर्षे.’ भाडे दर वर्षअखेरीस १०० आणि व्याजदर १० टक्के. देणे म्हणजे पुढच्या सगळ्या भाड्यांची, व्याज वजा करून काढलेली आजची किंमत. पाच वर्षे धरली तर देणे ३७९ येते. आठ वर्षे धरली तर ५३३. करार तोच, भाडे तेच, पण देणे चाळीस टक्क्यांनी जास्त. एवढा मोठा फरक पाडणारा निर्णय अनेकदा कुणी घेतलेलाच नसतो. कुणीतरी पहिल्या पानावरची तारीख एक्सेलमध्ये टाकून मोकळा होतो.

मानक विचारते ते असे: वाढीव मुदत कंपनी घेईल, हे वाजवीरीत्या निश्चित आहे का? नुसते ‘घेऊ शकते’ पुरेसे नाही, आणि ‘अजून ठरवलेले नाही’ हेही उत्तर चालत नाही. जागेच्या अंतर्गत सजावटीवर केलेला खर्च, ती जागा सोडल्यास धंद्याचे होणारे नुकसान, तशीच दुसरी जागा मिळण्याची शक्यता या सगळ्याचा विचार करावा लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयएफआरएसच्या इंटरप्रिटेशन्स कमिटीने (मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने) स्पष्ट केले की करार मोडण्याचा ‘दंड’ म्हणजे फक्त करारात लिहिलेली रक्कम नव्हे, त्यामागचे सगळे आर्थिक नुकसान धरायचे. त्यामुळे दोन महिन्यांच्या नोटिशीवर सुटणारा करारही काही वेळा अनेक वर्षांचा धरावा लागतो.

एक साधी तपासणी लगेच करून बघा. त्या जागेतल्या, काढून नेता न येणाऱ्या सजावटीचा घसारा (तिची किंमत वर्षांवर वाटून खर्चात घेणे) दहा वर्षांचा आणि लीजची मुदत तीन वर्षांची दिसत असेल, तर दोहोंपैकी एक आकडा बहुधा चुकलेला आहे. ऑडिटर हे विचारणारच. त्याआधी आपणच विचारलेले बरे.

आकडा जुळत नाही? इथे शोधा

आपला आणि ऑडिटरचा आकडा वेगळा आला, की आधी भाडे कधी द्यायचे आहे ते बघा. वरच्याच उदाहरणात पाच वर्षांचे भाडे प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला द्यायचे असेल, तर पहिला हप्ता पहिल्याच दिवशी जातो. तो देण्याच्या आकड्यात धरला जात नाही, थेट मालमत्तेत जातो. देणे ३१७ राहते आणि मालमत्ता ४१७ होते. त्यानंतर व्याजदर बघा. वार्षिक १० टक्क्यांना बाराने भागून मासिक दर काढला, की तो ०.८३३ टक्के येतो. चक्रवाढीने काढला तर ०.७९७. कुठलीही एक पद्धत ठरवा, पण सगळ्या करारांना तीच लावा.

बदलत्या भाड्यात तर हमखास घोळ होतो. भाडे महागाई निर्देशांकाला बांधलेले असेल, तर सुरुवातीच्या दिवशीचा निर्देशांक धरायचा. पुढची वाढ अंदाजाने घालायची नाही. निर्देशांकामुळे प्रत्यक्ष द्यायचे भाडे बदलले, की तेव्हा देणे पुन्हा मोजायचे. मात्र ‘दरवर्षी पाच टक्के वाढ’ हे कलम बदलते भाडे नाही, ती ठरलेलीच रक्कम आहे आणि पहिल्या दिवसापासून धरावी लागते. विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडे देण्याच्या आकड्यात धरतच नाहीत. ते त्या त्या काळाचा खर्च असते.

सही झालेली, पण ताबा अजून न मिळालेली लीजही विसरू नका. ती ताळेबंदावर येत नाही, पण टिपेत सांगावी लागते.

लीज आणि कायदेशीर दायित्व जिथे भेटतात

जागा सोडताना भिंती पाडून ती मूळ स्थितीत आणून देण्याचे कलम बहुतेक करारांत असते. त्यासाठी आयएएस ३७ या तरतुदी आणि दाव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तरतूद करावी लागते, म्हणजे पुढे येणारा खर्च आताच देणे म्हणून नोंदवावा लागतो, आणि तेवढी रक्कम वापरहक्काच्या मालमत्तेत मिळवावी लागते. हे काम दोन टेबलांच्या मध्ये पडून राहते. लीज बघणाऱ्याला वाटते ते तरतुदींचे काम आहे, तरतुदी बघणाऱ्याला करार कधी दिसतच नाही. उपकंपनीच्या भाड्याला मूळ कंपनीने दिलेली हमीही अशीच निसटते.

दाव्याच्या रकमेला टक्केवारीने गुणणे

कंपनीवर १०० चा एक दावा आहे आणि हरण्याची शक्यता ३० टक्के वाटते, म्हणून ३० ची तरतूद. हे समंजसपणाचे वाटते, पण चूक आहे. एकच दावा असेल, तर आधी विचारायचे की पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त आहे का. नसेल, तर तरतूद शून्य, आणि शक्यता अगदीच नगण्य नसेल तर टिपेत संभाव्य दायित्व म्हणून उल्लेख. असेल, तर सर्वाधिक शक्य असलेला निकाल धरायचा. हरण्याची शक्यता ६० टक्के आणि हरल्यास पूर्ण १०० द्यायचे असतील, तर तरतूद ६० ची होत नाही, साधारणपणे १०० ची होते. वॉरंटीसारखे एकसारखे पुष्कळ दावे असतील, तिथे मात्र सरासरी धरणे बरोबर आहे.

अमेरिकी नियमांत इथे महत्त्वाचा फरक आहे. अंदाज एका पट्ट्यात असेल आणि त्यातला कुठलाच आकडा जास्त शक्य वाटत नसेल, तर तिथे सर्वांत कमी रक्कम धरतात, आयएएस ३७ मध्ये मधली. समूहातल्या कंपन्या वेगवेगळ्या नियमांनी हिशेब ठेवत असतील, तर एकत्रीकरणाच्या वेळी हा फरक शोधावा लागतो.

वकिलाचे ‘आमची बाजू भक्कम आहे’ हे वाक्य तरतुदीच्या कामाला पुरत नाही. त्यांना लेखी विचारा: निकाल विरुद्ध जाण्याची शक्यता किती, गेला तर किमान आणि कमाल रक्कम किती, त्यात व्याज आणि समोरच्याचा खर्च धरला आहे का, आणि हे मत कोणत्या तारखेचे आहे. विमा कंपनी पैसे भरेल म्हणून तरतूद कमी करू नका. भरपाई मिळणे जवळजवळ निश्चित असेल, तरच ती ताळेबंदात वेगळी मालमत्ता म्हणून दाखवता येते, तीही तरतुदीच्या रकमेपर्यंतच.

माहिती दिल्याने खटल्यात आपलीच बाजू कमकुवत होईल, ही भीती खरी असू शकते. पण पूर्ण गप्प राहण्याची मुभा मानक देत नाही. अगदी विरळा प्रसंगी तपशील वगळता येतो, तोही वादाचे सामान्य स्वरूप आणि तपशील न देण्याचे कारण सांगूनच.

सहीच्या आदल्या दिवशी विधी विभागाला आणखी एकदा फोन करा. वर्ष संपल्यावर, पण हिशेब मंजूर होण्याआधी एखादा जुना दावा तडजोडीने मिटला असेल, तर ती रक्कम पुढच्या वर्षात ढकलता येत नाही. दायित्व वर्षअखेरीलाही होते हे तडजोडीनेच सिद्ध होते, म्हणून तरतूद याच वर्षात बदलावी लागते.