या चुका टाळा: 'देतो देतो' ऐकत तीन वर्षं घालवू नका

दिवाळी झाली की देतो, ऊस गेला की देतो, प्लॉट विकला की देतो. हातउसने पैसे अडकलेला जवळजवळ प्रत्येक पक्षकार हेच सांगत येतो आणि मी आधी विचारते, दिले कधी? परतीची तारीख ठरली नसेल तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दावा लावायची तीन वर्षं पैसे दिले तेव्हापासून मोजतात, समोरच्याने हात वर केले तेव्हापासून नाही.

एक गृहस्थ आले होते, साडूला चार लाख दिलेले, बँकेतून ट्रान्सफर, पुरावा पक्का. मध्ये वकिलाची नोटीसही पाठवलेली, आणि नोटीस गेली म्हणजे केस सुरू झाली असं समजून निवांत बसले. अहो नोटिशीने मुदत थांबत नाही, दावा कोर्टात दाखल व्हावा लागतो! आले तेव्हा तीन वर्षांवर दोन महिने उलटलेले. "दोनच महिने ना मॅडम, उशीर माफीचा अर्ज टाका." तो कलम ५ चा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला नाही. आणि साडू गप्प बसला तरी कलम ३ खाली कोर्ट स्वतःहून दावा फेटाळतं.

मुदतीच्या आत साडूकडून 'एवढं देणं आहे' अशा दोन ओळी सहीनिशी घेतल्या असत्या तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळाली असती. पण नात्यात सही कशी मागायची म्हणे! पैसे देताना नातं आड येत नाही, सही मागताना येतं.

"कायदा बुडव्यांच्याच बाजूने" हे मला पटत नाही. उद्या कोणी वीस वर्षांनी येऊन म्हणालं तुमच्या वडिलांनी पैसे घेतले होते, तर फेडल्याची पावती कुठून काढाल, साक्षीदार तरी हयात असेल का?

चेक बाउन्सला तर फारच घाई: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, मग एका महिन्यात तक्रार. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. मालकीच्या जमिनीवर दुसरा कोणी कब्जा करून बसला असेल तर १२ वर्षं, "सातबारा माझ्या नावावर आहे" म्हणत झोपू नका. जिल्हा कोर्टातल्या अपिलाला ३० दिवस, निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण त्यासाठी नक्कलेचा अर्ज वेळेत टाकलेला पाहिजे ना.

शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. मी त्या भरवशावर राहत नाही, फाइलवर लाल पेनाने सहा महिने आधीची तारीख लिहिते आणि पक्षकाराला तीच सांगते.