तेलाची डबी लंगोटांच्या टोपलीत ठेवा

आमच्याकडची थंडी आणि दिवसभर लंगोट धुणं. बाळंतपणानंतर माझी बोटं नखांजवळ अशी चिरली की दुपट्याचे धागे त्यात अडकायचे. क्रीम होतं, पण कपाटात; तिथवर जाईस्तोवर लेकरू उठायचं. मग खोबरेल तेलाची छोटी डबी लंगोटांच्या टोपलीतच ठेवली.

१. आंघोळीला कोमट पाणी घ्या, सासूबाई कितीही कढत ओतोत. साबण काख, जांघा आणि पावलांपुरताच.
२. अंग रगडून पुसू नका, टिपा. ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत तेल लावा. सुक्या अंगावर तेवढा फरक पडत नाही.
३. लंगोट पिळून वाळत घातले की लगेच हातांना हरभऱ्याएवढं तेल. थंडीत ते गोठतं, उलट बरं, सांडत नाही.
४. टाचांना रात्री, वरून जुने मोजे.

एवढंच. चेहऱ्यालाही मी हेच लावते, पण तुम्हाला मुरुमं येत असतील तर चेहरा सोडा.

आणि पाजत असताना बाजारातली गोरं करणारी क्रीम नकोच. काहींत पारा किंवा स्टेरॉइड निघतं, आणि लेकराचे गाल दिवसभर आपल्याच अंगाला घासत असतात.