मैल्याच्या गाळावर वनस्पतींचा उपाय कसा करावा

मैलाशुद्धीकरण केंद्रातला गाळ पाण्याने जड आणि रोगजंतूंनी भरलेला असतो. गटारात कारखान्यांचे पाणी मिसळत असेल, तर त्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल असे जड धातूही उतरतात. गाळ सुकवून निर्धोक करण्याचे काम वनस्पती चांगले करतात, मात्र धातू काढण्याचे काम त्यांच्याकडून फार सावकाश होते. म्हणून रोपे आणण्याआधी गाळाच्या आठ-दहा ठिकाणांचे नमुने एकत्र करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. शहरी कंपोस्टसाठी भारतात ठरवलेल्या मर्यादा येथे तुलनेला उपयोगी पडतात: एका किलोत कॅडमियम 5, शिसे 100, निकेल 50, क्रोमियम 50 आणि जस्त 1000 मिलिग्रॅमपर्यंत.

धातू या मर्यादेत असतील, तर लागवडीचे वाफे, म्हणजे गाळ सुकवण्यासाठी रोपे लावलेले वाफे, पुरेसे आहेत. वाफ्याचा तळ व भिंती पाणी झिरपणार नाही अशा पक्क्या कराव्यात, तळाशी छिद्रांचे पाइप अंथरून त्यांची टोके हवेसाठी वर उघडी ठेवावीत, त्यांवर आधी मोठी खडी, मग बारीक खडी आणि सर्वांत वर दहा-पंधरा सेंटिमीटर वाळू घालावी. वर्षानुवर्षे थर चढत जाणार असल्याने वाळूच्या वर किमान एक मीटर भिंत मोकळी हवी. पावसाळ्याच्या सुरुवातीला बोरू (पाणथळीतले उंच गवत, ताग नव्हे), पाणकणीस किंवा कर्दळीचे गड्डे लावावेत आणि पहिले काही महिने त्यांना फक्त सांडपाणी किंवा अगदी पातळ गाळ द्यावा, कारण कोवळ्या रोपांवर दाट गाळ टाकला की ती गुदमरून मरतात. रोपे दाटल्यावर आठवड्याला एकदा सात ते दहा सेंटिमीटरचा थर द्यावा आणि मागचा थर भेगाळल्याखेरीज पुढचा देऊ नये. वाऱ्याने खोडे हलतात, त्यांच्या बुडाशी गाळात फटी राहतात आणि पाणी निथळायला वाट मिळते. लागवडीच्या वाफ्याची खरी खुबी हीच आहे. निथळलेले पाणी पुन्हा शुद्धीकरण केंद्रातच सोडावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर वाफ्यांना छप्पर घालावे, नाहीतर पावसाळ्यात गाळ टाकणे बंद ठेवावे.

वाफा भरल्यावर गाळ टाकणे थांबवून त्याला आपल्या हवामानात एक वर्षाहून अधिक विश्रांती द्यावी, कारण जंतांची अंडी फार चिवट असतात.

धातू मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि गाळ मिसळलेल्या जमिनीतून ते पिकांकरवी काढायचे असतील, तर आधी हिशेब मांडावा. एक गुंठा जमिनीत वीस सेंटिमीटर खोलीपर्यंत गाळ मिसळलेली सुमारे 26 टन माती असते, म्हणजे कॅडमियम किलोमागे एक मिलिग्रॅमने कमी करायचे तर 26 ग्रॅम कॅडमियम बाहेर पडले पाहिजे. एका पिकाचा वाळलेला पाला 100 किलो निघाला आणि त्यात किलोमागे 50 मिलिग्रॅम कॅडमियम आले, असे उदारपणे धरले, तरी हाती पाच ग्रॅमच लागतात. एका मिलिग्रॅमसाठी पाच पिके! कॅडमियम आणि जस्त यांसाठी मोहरी किंवा सूर्यफूल लावून पाहण्यास हरकत नाही, पण शिसे सेंद्रिय गाळाला घट्ट चिकटून राहते. रसायने घालून ते सुटे करता येते खरे, परंतु मुळांनी उचलण्याआधीच ते विहिरीच्या पाण्यापर्यंत झिरपण्याचा धोका असल्याने तो मार्ग टाळावा. अशा जागी वाळ्याचे ठोंब लावणे शहाणपणाचे ठरते, कारण वाळा धातू बहुतांशी मुळांतच धरून ठेवतो आणि मातीची धूप व धूळही रोखतो. ही मुळे मात्र माठात घालायला किंवा अत्तरासाठी मुळीच विकू नयेत. जलपर्णीचाही मोह नको. ती धातू शोषते, पण पंचगंगेत आणि मुळा-मुठेत तिने काय केले आहे ते आपण पाहतोच.

कापलेल्या पाल्यातून धातू नाहीसे होत नाहीत, ते फक्त जागा बदलतात. म्हणून धातूंच्या जागेवरचा पाला जनावरांना घालू नये, चुलीत जाळू नये, खतातही कुजवू नये. तो वेगळा वाळवून, तपासून, धोकादायक ठरल्यास तळोजा किंवा रांजणगाव येथे आहे तशा अधिकृत घातक कचरा केंद्राकडे सोपवावा. वाफ्यातला विश्रांती घेतलेला गाळही पुन्हा तपासावा आणि धातू व जंतांची अंडी या दोन्ही कसोट्यांना उतरल्यावरच आधी झाडांच्या आळ्यांत वापरावा. पालेभाज्या आणि कंदमुळांना तो देऊ नये.