अमेरिकी न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा आदेश रोखला, तर ती बातमी कशी वाचावी

अमेरिकेतील न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचा आदेश रोखल्याची बातमी आली की कोण जिंकले आणि कोण हरले, याची चर्चा लगेच सुरू होते. त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: आदेश कोणत्या टप्प्यावर रोखला, कोणत्या न्यायालयाने रोखला आणि कोणापुरता रोखला.

टप्पा हुकुमाच्या नावावरून कळतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकता दिलेला तातडीचा मनाई हुकूम साधारण 14 दिवस टिकतो. त्यानंतरचा अंतरिम मनाई हुकूम खटल्याचा निकाल लागेपर्यंत चालू शकतो. पण तो देताना दावा यशस्वी होण्याची शक्यता, भरून न येणारे नुकसान, दोन्ही पक्षांच्या अडचणींचा तोल आणि सार्वजनिक हित एवढेच पाहिले जाते. त्यामुळे अशा वेळी ‘आदेश घटनाबाह्य ठरला’ असे म्हणू नये.

न्यायालय कोणते, हे पाहणे सोपे आहे. 94 संघीय जिल्हा न्यायालयांपैकी एकातील एकच न्यायाधीश बहुधा पहिला हुकूम देतो आणि वरची न्यायालये तो बदलू शकतात. काही देशांच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यास मनाई करणारा ट्रम्प यांचा प्रवासबंदीचा पहिला आदेश फेब्रुवारी 2017 मध्ये सिएटलमध्ये रोखला गेला. त्याची तिसरी, सुधारित आवृत्ती मात्र जून 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी कायम ठेवली.

खरे लक्ष द्यावे ते तिसऱ्या प्रश्नाकडे. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारा ट्रम्प यांचा आदेश 20 जानेवारी 2025 रोजी निघाला आणि अनेक जिल्हा न्यायालयांनी तो देशभर रोखला. 27 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितले की, दावा करणाऱ्यांना पूर्ण दिलासा देण्यासाठी लागेल त्यापलीकडे जाऊन सर्वांसाठी मनाई हुकूम देण्याचा अधिकार काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) संघीय न्यायालयांना बहुधा दिलेलाच नाही. मूळ आदेश वैध की अवैध, हे त्या दिवशी ठरले नाही. सारखीच तक्रार असलेल्या सर्वांच्या वतीने करायच्या सामूहिक दाव्याचा मार्गही मोकळा राहिला आणि 10 जुलैला न्यू हॅम्पशायरमधील न्यायाधीशांनी त्याच मार्गाने, आदेशाची झळ पोहोचणाऱ्या बालकांचा एक वर्ग मानून, तो पुन्हा रोखला. आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या नवजात बालकाचे नागरिकत्व कोणत्या दाव्यात कोणाचे नाव आहे यावर अवलंबून राहावे, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. तरीही एका न्यायाधीशाने संपूर्ण देशाचे धोरण थांबवावे का, हा बहुमतातील न्यायमूर्तींना पडलेला प्रश्न पोकळ नाही.

राजकीय बाजू तपासताना सत्तेवरील पक्ष बदलून पाहावा. 2015 मध्ये ओबामांची स्थलांतरितांविषयीची योजना 26 राज्यांच्या दाव्यावरून टेक्सासमधील न्यायाधीशांनी देशभर रोखली. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात 4–4 अशी बरोबरी झाली, त्यामुळे खालचा हुकूम कायम राहिला आणि योजना कधीच अमलात आली नाही. त्या वेळी रिपब्लिकन नेत्यांनी या अधिकाराचे स्वागत केले होते आणि डेमोक्रॅट संतापले होते. अनुकूल न्यायाधीश मिळेल अशा ठिकाणी दावा दाखल करण्याची युक्ती दोन्ही बाजूंनी वापरली आहे. म्हणून दावा कोठे दाखल झाला, याचीही नोंद घ्यावी.

शेवटी शक्य असेल तर मूळ हुकूमच उघडावा. त्याच्या अखेरच्या भागात कोणाला मनाई आहे आणि कोणाला संरक्षण आहे, हे सहसा स्पष्ट लिहिलेले असते. ते वाचून झाल्यावर सरकारने अपील करून त्या हुकुमाला स्थगिती मागितली आहे का, हे पाहावे आणि ती मिळाली असल्यास राष्ट्राध्यक्षांचा आदेश पुन्हा लागू झाला आहे असे समजावे.