जुन्या वूफरमधून लाईट कशी काढायची

सोलापुरात वरात म्हटली की डीजे आलाच, आणि डीजे आला की फाटके वूफर, म्हणजे जाड आवाजाचे मोठे स्पीकर, भंगारात येणार म्हणजे येणार. असा एक 8 इंची बघा. पडदा, म्हणजे पुढचा हलणारा कोन, थोडा फाटलेला चालतो पण आतली कॉईल, म्हणजे त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं, जिवंत पाहिजे, म्हणून भंगारवाल्याकडं जाताना मल्टिमीटर (विजेची मोजमापं करणारा मीटर) सोबत न्या. ओहम म्हणजे तारेचा विजेला होणारा अडथळा मोजायचं माप; 4 ओहमच्या स्पीकरला मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

आता मागनं बघा. काळी जाड चकती दिसते ना, ते रिंग मॅग्नेट. मधोमध लोखंडी खांब असतो, त्याच्याभोवती लोखंडी प्लेट, आणि दोघांमध्ये बांगडीसारखी बारीक फट. सगळं चुंबकत्व त्या फटीत गोळा होतं, चुंबकाच्या रेषा सायकलच्या स्पोकसारख्या चारी बाजूंना पसरतात, आणि कॉईल नेमकी त्याच फटीत मागेपुढे होते त्यामुळं तारेचा प्रत्येक इंच रेषा कापतो, त्यातनं व्होल्टेज तयार होतं आणि सगळ्याची बेरीज होते. तीच कॉईल साध्या सरळ, सगळीकडं सारख्या चुंबकीय फील्डमध्ये सरकवली तर एका बाजूचं दुसरी बाजू खाऊन टाकते, हाती शून्य. लोक इथंच फसतात, मॅग्नेट मोठं आणतात अन् कॉईल कशीबी हलवतात.

हिशोब सोपाय. फटीत 1 टेस्ला (चुंबकाच्या जोराचं माप) धरा, फटीतली कॉईलची तार 7 मीटर, हाताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, तिन्हींचा गुणाकार 3.5 व्होल्ट. लाल एलईडीला 2 च्या आसपास पुरतात. पांढरा घेऊ नका, तो 3 मागतो.

दोन लाल एलईडी उलटसुलट जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, आणि ते दोन्ही जोड स्पीकरच्या दोन टर्मिनलला. ॲम्पची (आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची) वायर आधी काढा. खोली अंधारी करा, दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समोरासमोर ठेवा आणि झटका द्या. हळू दाबलं तर काय होत नाही, वेग लागतो. आत जाताना एक चमकतो, बाहेर येताना दुसरा! मधल्या टोपीवर दाबू नका, चेपते. एकाच बाजूनं दाबलं तर कॉईल घासून खर्र वाजते.

पुतण्या विचारतो, "काका, मोबाईल चार्ज करू की?" नाही रे बाबा, क्षणाची चमक आहे ही.

अन् मॅग्नेट उचकटू नका. मी पहिल्यांदा छिन्नी लावली, टक्कन दोन तुकडे. ते फेराईट, भाजलेल्या कौलासारखं ठिसूळ.

शेवटी एलईडी काढून दोन्ही टर्मिनल तारेनं शॉर्ट करा आणि परत झटका द्या. पडदा एकदम जड लागतो, काकवीत चमचा फिरवल्यासारखा, कारण तुम्ही तयार केलेला करंट तुमच्याच बोटांना अडवतोय. तार काढली की लगेच हलका.